मंगळवारचा वायदा

मी, वय ५४ वर्षे, धंदा बायकांचे कपडे शिवणे, राहणार बसस्टँडमागच्या गल्लीत दुकानाच्याच वरच्या खोलीत, गल्लीत टेलरबाई म्हणून ओळखली जाणारी, आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन विचारल्यावरून सांगते की,

माझी धाकटी बहीण माझ्याकडेच राहते. तिला काचबिंदू आहे. डावा डोळा गेलेला, उजव्याने कामापुरतं दिसायचं. मोबाईलवरची अक्षरं तिला लागत नाहीत, म्हणून तिचं सगळं मीच वाचून दाखवते.

गेल्या वर्षी कापडवाल्याने मला क्रिप्टोचं ॲप दाखवलं. पैसे टाकून डिजिटल नाणी घ्यायची, भाव चढला की विकून पैसे बँकेत मागवायचे. मी थोडे टाकून पाहिले, मागवले, तासाभरात आले. मी हुरळले. बहिणीने ऑपरेशनसाठी पैसे साठवले होते, तेही टाक, असं मी तिला म्हटलं. ती नको म्हणत होती. मीच हात धुऊन मागे लागले.

गेल्या महिन्याच्या पाच तारखेला डॉक्टरांनी सांगितलं की पंधरा दिवसांत ऑपरेशन करा, गेलेली नजर परत येत नाही. त्याच दुपारी मी ॲपवरून सगळे पैसे मागवले. 'पाठवले' असं हिरव्या अक्षरांत आलं. बँकेत काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी रक्कम ॲपवरच परत दिसायला लागली. का, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. असं चार वेळा झालं. चॅटवर विचारलं की एकच उत्तर, विनंती प्रक्रियेत आहे, संयमाबद्दल आभार. फोन नंबर नाही, पत्ता नाही, भांडायला माणूस नाही. दहा तारखेनंतर ते उत्तरही बंद झालं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलेय, ड्रेस झालाय, फक्त काज-बटण राहिलंय, मंगळवारी या. तेव्हा कापडाला कात्रीसुद्धा लागलेली नसते. हवालदार हसले आणि हे जबाबात नको म्हणाले. मी म्हटलं, लिहा.

बारा तारखेला सकाळी बहिणीचा दीर आला. ऑपरेशनचे पैसे मी भरतो, सवडीने परत करा, असं तो म्हणाला. बहिणीने मला विचारलं, "ताई, कंपनीचं काही आलंय का गं?"

मी मोबाईल हातात घेतला आणि वाचलं, "तांत्रिक अडचण दूर झाली आहे. आपली रक्कम येत्या मंगळवारी जमा होईल."

मग कशाला कुणाचं मिंधं व्हायचं, असं म्हणून बहिणीने दिराला चहा पाजून परत पाठवलं. मंगळवारी पैसे आले नाहीत. मी आणखी एक संदेश वाचला, की बँकेमुळे उशीर, पुढच्या मंगळवारी नक्की. पंधरा दिवस उलटून गेले. सव्वीस तारखेला तिने चहाचा कप टेबलावर ठेवला तो टेबलाच्या बाहेर. डॉक्टर म्हणतात, आता उजव्या डोळ्याला फक्त उजेड कळतो.

बहिणीने काल दिलेल्या जबाबात कंपनीने दोनदा मंगळवारचा वायदा केल्याचं सांगितलं आहे. साहेबांनी आज ते संदेश पुराव्यासाठी मागितले. तसे संदेश मोबाईलवर नाहीत. ते कधी आलेच नव्हते. मी नवं काहीच न आलेली चॅट समोर धरून दोन्ही जागेवर रचले. तिचे पैसे मी बुडवले हे दिरासमोर उघडं पडेल, याची मला लाज वाटली. दुसरं कारण नाही. कंपनीविरुद्धची तक्रार कायम आहे. पण ते दोन मंगळवार माझ्या नावावर लिहा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच तो आहे. बहीण बाहेर बाकावर बसली आहे. तिलाही हा वाचून दाखवावा. वाचणारी मी नसावी.