सोमवारी उपाशीपोटी

या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय डॉक्टर हंगरगे साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, परिचारिका भगिनी आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या सोबत्यांनो, तुम्हा सर्वांना या सिद्धलिंगचा नमस्कार. ऐन मे महिन्यात आपण मला शाल घातलीत! असू द्या, मायेची आहे, अंगावर राहू देतो. जाता जाता मला एक मागणंही मागायचं आहे, ते शेवटी सांगतो.

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा मी नांदेडहून इथं आलो. रक्तातलं कॅल्शियम मोजायची रसायनं आली होती. पण मोजणी बरोबर आहे की नाही हे पडताळायला ठणठणीत माणसाचं रक्त शेजारी लावावं लागे. ते कोण देणार? सुई पाहिली की तुम्ही सगळे गायब! हसू नका साहेब, तुम्हीसुद्धा. शेवटी माझी बायको महानंदा तयार झाली. तिचा सोमवारचा उपास, त्यामुळं रक्त आपोआप उपाशीपोटी मिळे. पूजा आटोपून यायची, बाकावर बसून हात पुढं करायची. "लई घेऊ नगा हां, सांजेपर्यंत पोटात काई न्हाई."

मग दुष्काळ पडला. डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र बंद पडलं, नळ्या बोअरच्या जड पाण्यानं धुतल्या जाऊ लागल्या. तशातच मुखेडहून आलेल्या सरजाबाई नावाच्या पेशंटचं कॅल्शियम भलतंच वाढलेलं निघालं. म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीचं ऑपरेशन करावं लागणार, तेही मुंबईला! बाई रडून रडून अर्धी झाली. त्या सोमवारी महानंदाचं रक्त लावलं, तर तेही तेवढंच वाढलेलं. मी तिलाही मुंबईला न्यायच्या गोष्टी करू लागलो. ती मात्र हसली. "मला काय झालंय वो? सकाळधरनं घागरी वाहतीय!"

तेव्हा कुठं माझं लक्ष नळ्यांवरच्या पांढऱ्या पुटाकडं गेलं. पाण्यातला चुनाच आम्ही रक्तात मोजत होतो. गंजगोलाईच्या बाजारातल्या बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड पाणी आणलं, नळ्या खळबळून पुन्हा तपासणी केली. दोघीही ठणठणीत! सरजाबाई एसटीनं आपल्या घरी गेल्या.

पुढं पडताळणीचं रक्त कंपनीकडून बाटलीत यायला लागलं. तरी महानंदा सोमवारी यायची आणि मीही थेंबभर घ्यायचो. गेल्या श्रावणात ती गेली. आता तिचा उपास मी धरतो. पण संध्याकाळी तो सोडायला समोर कोणी नसतं. फार एकटं वाटतं, साहेब. नोकरी होती तोवर दिवस तरी निघायचा.

म्हणून मागणं एवढंच की दर सोमवारी मला त्या बाकावर बसू द्यावं. नवं मशीन स्वतःच पडताळणी करतं, हे मला ठाऊक आहे. माझं रक्त लावा किंवा ओतून द्या, रिपोर्ट मला नको. कोणीतरी फक्त म्हणावं, "काका, बाही वर करा."

आपण इतका वेळ ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. परवा सोमवार आहे. मी काही न खाता येतो.