एकाच नावाच्या दोन

वहिनी : …अहो भावजी, तेच नाव, तेच चित्र! मला वाटलं, चुकून दोनदा आलंय. म्हणून एक काढून टाकलं.

भावजी : कधी?

वहिनी : परवा. हे गेल्यापासून कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. लेक येणार म्हणून ह्यांची डायरी उघडली, तर कोरी! मग तुमच्या त्या लिनक्सच्या स्टोअरमध्ये गेले, जिथून ॲप घेतात तिथे…

भावजी : तिथे डायरी दोनदा दिसली.

वहिनी : हो ना. म्हटलं, कोरी काढली की भरलेली आपसूक उघडेल. वरची काढली. नवीन तीच वर असणार ना?

भावजी : काढताना 'माहितीही पुसायची का' असं विचारलं त्याने?

वहिनी : विचारलं. दाबलं 'हो'. कोऱ्या वहीत कसली आलीय माहिती! हसा आता.

भावजी : नाही हसत.

वहिनी : घाबरवू नका हं. ह्यांच्या चष्म्याच्या काचा काढून नुसती फ्रेम ठेवणारे तुम्ही!

भावजी : वहिनी, मस्करी नाही. एक डायरी आधीपासूनची होती. दुसरी मीच टाकली, नवी निघाली म्हणून, दुसऱ्याच ठिकाणाहून घेऊन. दोघींचे कप्पे वेगळे, एकीतलं दुसरीत दिसत नाही. दादा म्हणाला, 'दोन का रे दिसतात?' मी म्हटलं, 'जुळ्या आहेत, आवडेल तिच्याशी बोल.' आणि बसलो खिदळत. तो जुनीतच लिहीत राहिला.

वहिनी : आणि मी जुनी…

भावजी : हं.

वहिनी : कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या डब्यात असेल की.

भावजी : त्यात जातच नाही ते. थांबा, ओळखीच्या रिपेअरवाल्याला विचारतो. (फोनवर बोलून ठेवतो.) तो म्हणतो, ह्या डिस्कवरून पुसलेलं परत येत नाही.

वहिनी : चार महिने लिहीत होते हो. नाकात नळी, मांडीवर कीबोर्ड. पोर लहानपणी कशी होती, ते सगळं. मलासुद्धा वाचू दिलं नाही. 'आधी तीच वाचेल' म्हणायचे. तुम्हाला दाखवलं असेल ना थोडं?

भावजी : मला? 'काय लेखकराव' म्हणून चिडवायचो त्याला. मी दिसलो की स्क्रीन झाकायचा.

वहिनी : एवढ्या लांबून ते वाचायलाच येतेय ती. माझ्या हातून गेलं, हे कुठल्या तोंडाने सांगू?

भावजी : तुम्ही काहीच सांगायचं नाही. माझ्या हातून गेलं.

वहिनी : खोटं बोलणार?

भावजी : अर्धं तरी खरंच आहे. आणि मला शिव्या खायची सवय आहे.

वहिनी : बोलायची नाही ती तुमच्याशी. जीव आहे हो तिचा तुमच्यावर.

भावजी : तुमच्याशी बोलेल ना? मग झालं.

(दार उघडतं. बॅगेची चाकं फरशीवर वाजतात.)

मुलगी : काका! बरं झालं तुम्ही आहात. आई, चहा नंतर गं, आधी बाबांचं उघड ना.

भावजी : बॅग ठेव. आईकडे नको, माझ्याकडे बघ.