जाळीमागच्या आठ खुर्च्या

पाय मोडलेल्या सासऱ्याला भिंतीशी टेकवून एक सून दवाखान्याच्या शिपायाशी बोलत होती. मी रांगेत मागेच. कान काय घरी ठेवून येऊ?

"दादा, चाकांची खुर्ची द्या. एक्स-रे बाराला बंद होतो."

"दोनच आहेत, दोन्ही गेल्या. टंचाई आहे, बाई."

"आणि जाळीमागे आठ दिसतात त्या?"

"नव्या आहेत. वापरल्या तर खराब होतील."

"मग काय लोणचं घालणार त्यांचं?"

"तपासणीला कोऱ्या दाखवाव्या लागतात. साहेब चहाला गेलेत, त्यांना विचारा."

"ही टेबलामागची खुर्ची साहेबांचीच ना? हिलाही चाकं आहेत. बाबा, बसा."

"अहो, साहेब कुठे बसतील?"

"त्यांचे पाय धड आहेत ना? राहतील उभे."

मी पुढे होऊन दार धरलं.