भरतीचा कार्यक्रम

(दाभोळ. बंदराजवळच्या घराची पडवी, कलती दुपार. म्हातारा गायक महिपत नुकताच झोपेतून उठलाय. समोर त्याची सून तेजल.)

महिपत : आनि तू घेतलीस? हातात?

तेजल : मग कशात घेऊ, बाबा? दाराशी माणूस आला, म्हणाला महिपतच्या कार्यक्रमाची सुपारी आणलीय, आणि हात पुढे केला. मीही केला. एवढंच.

महिपत : मला उठवायचं व्हतंस.

तेजल : डॉक्टरांनी बजावलंय, तुमची झोप मोडायची नाही म्हणून. आणि खरं सांगू? मला आनंद झाला. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून कुणी फिरकलं नाही इकडे. गोव्याला तरण्या पोरांनी तुम्हाला डोक्यावर घेतलं होतं, मी पाहिलंय मोबाईलवर. सगळी ओरडत होती, रेगेवाले महिपत, रेगेवाले महिपत! म्हटलं, आता गाणार नाहीत, पण मान तरी घरी चालत आला. सुपारी काय, देऊ परत.

महिपत : सुपारी परत जात नाय गो.

तेजल : असं काय करता? हल्ली तर सगळं फोनवरच ठरतं. खरीखुरी सुपारी घेऊन आलेला माणूस मी आजच पाहिला.

महिपत : म्हनूनच इचारतोय. आमच्यात जुनी रीत हाय. सुपारी ज्याच्या तळहातावर पडली, त्यानं गायचं. घरच्या मानसानं हात लावायचा नाय. ताट पुढं करायचं. तुझ्या सासूनं जन्मभर ताटच पुढं केलंन.

तेजल : मला कुणी सांगितलंच नाही हे.

महिपत : कोन सांगनार? ती तू यायच्या आदीच गेली. आनि मी गायचं सोडल्यावर मला तरी कुटं वाटलं, कोन सुपारी घेऊन येईल म्हनून.

तेजल : पण बाबा, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, आपण बौद्ध माणसं, असल्या गोष्टींना थारा द्यायचा नाही?

महिपत : देवाधर्माचं कायच नाय ह्याच्यात. धंद्यातला शब्द हाय. दिला की पाळायचा. मानूस कसा व्हता, ते सांग आदी.

तेजल : तरुणच. तिशीचा असेल. भडक फुलाफुलांचा शर्ट, ही एवढी मोठी कॉलर. मला वाटलं, ऑर्केस्ट्रातला आहे. अंगणात भर उन्हात उभा राहिला. पडवीत या म्हटलं, तर आला नाही. पाणी आणू का विचारलं, तर हसला. म्हणाला, पानी लय झालं, सूनबाई.

महिपत : सूनबाई म्हनाला?

तेजल : हो. मी कोण ते त्याला कसं कळलं, हे नंतर मनात आलं. आणि तो बोलायचा ना, तेवढ्यापुरती बंदरावरची गाज थांबायची. तो गप्प झाला की परत सुरू. मला वाटलं, वारा पडला असेल.

महिपत : पाय हलवत व्हता?

तेजल : पाय?

महिपत : उजवा. तालावर.

तेजल : हो! पण तालावर नाही. आपण टाळी देतो तिथे पाय पडायला हवा ना? त्याचा मधेच पडायचा. अंधारात पायरी चुकल्यासारखं सारखं वाटत होतं मला.

महिपत : मधेच. मोकळ्या जागेत.

तेजल : बाबा? काय झालं? तोंड का उतरलं तुमचं?

महिपत : आमचं जहाज जमैकाला बिघडून पडलं व्हतं. मी साधा खलाशी. तिथल्या गोदीतली मानसं सांजची गायला बसायची, त्यांच्यापाशी शिकलो. ढोलकी जिथं बोलते तिथं गप बसायचं, ती गप झाली की आपन बोलायचं. झालं, हेच रेगे. गावात येऊन गायलो तर लोक म्हनाले, महिपतचा ताल सुटलाय, दर्याचा वारा लागलाय ह्याला. पोटभर हसली सगळी. एकट्या सदूला कळलं.

तेजल : सदूकाका? गिटारवाले? ते बुडालेले?

महिपत : बेस गिटार. जाड तारांचं. मी गायचो, आनि सदू मधल्या मोकळ्या जागेत पाय आपटायचा. उजवा.

तेजल : नका असं बोलू, बाबा. दिवसाढवळ्या काटा आला अंगावर.

महिपत : केळशीच्या कार्यक्रमाला निघालो व्हतो. होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. मला मचव्यातल्या मानसांनी वर ओढला. सदू गावला नाय. पुढं मी दुबईला गायलो, मुंबईत गायलो. पुढं जमैकासनंच डान्सहॉल म्हनून ती घाईची गानी आली, तीसुदा श्वास न घेता म्हनलो, पोरंसोरं तोंडाकडं बघत ऱ्हायची. कॅशेटी निघाल्या, हारतुरे झाले. पन केळशीची सुपारी फिटली नाय. माझ्या उभ्या धंद्यात ती एकच.

तेजल : आणि तो फुलांचा शर्ट?

महिपत : मीच आनला व्हता जमैकासनं. त्याच्यासाठी. होडीत अंगावर तोच व्हता.

तेजल : कुणीतरी थट्टा करतंय, बाबा. गावात मस्करी करणारे कमी आहेत का?

महिपत : कार्यक्रम कुटं म्हनाला?

तेजल : नको ना.

महिपत : सांग गो.

तेजल : खाडीच्या तोंडाशी, म्हणाला. आजच्या भरतीला. मी म्हटलं, अहो, तिथे नुसतं पाणी, लोक बसणार कुठे? तर म्हणाला, बसलीत. कवाची बसलीत. उठायचं नाव घेत नायत.

महिपत : सुपारी कुटं हाय आता?

तेजल : ही काय, हातातच.

महिपत : दुपारपासनं?

तेजल : अगं बाई, खरंच की. भांडी घासली, कपडे वाळत घातले… सगळं एका हातानेच केलं मी? लक्षातच आलं नाही.

महिपत : उघड मूठ.

तेजल : उघडत नाही.

महिपत : जोर लाव.

तेजल : लावतेय. दुखत नाही काही, बाबा, पण बोटं ऐकत नाहीत. तुम्ही बघा.

महिपत : बर्फ झालाय हात. आनि ओला हाय गो, पार ओला. आनि मगापासनं गुनगुनतेस काय?

तेजल : मी? मला कुठे गाता येतं? लग्नात उखाणासुद्धा हळू आवाजात घेतला मी.

महिपत : अंगनात कपडे वाळत घालत व्हतीस, तवा ऐकून तर जाग आली मला. म्हन बघू.

तेजल : काय म्हणू? मला काही… थांब रे पाण्या, थांब जरा, माझं कडवं उरलंय… हे कुठून आलं?

महिपत : माझंच हाय. कॅशेटीत हाय. कानावर पडलं आसंल कदी. पुढं म्हन.

तेजल : तू थांबलास की मी येतो, मी थांबलो की तू ये…

महिपत : बस्स. गप. गप ऱ्हा आता.

तेजल : चुकलं का?

महिपत : बरोबर हाय, म्हनून तर. ही ओळ कॅशेटीत नाय. होडीत बसल्या बसल्या सदूनं जुळवली, आनि थोड्या वेळात होडी गेली. मी ती कुटं गायलो नाय. कुनाला सांगितली नाय. तुझ्या सासूलासुदा नाय.

तेजल : बाबा, एक सांगू? रागावू नका. मला भीती वाटायला हवी ना? वाटत नाहीये. बरं वाटतंय. घशात काहीतरी मोकळं झाल्यासारखं. मघाशी फाटकापर्यंत गेले होते मी. काही काम नव्हतं. नुसती बंदराकडे बघत उभी होते.

महिपत : पोर कुटं हाय? सानवी?

तेजल : शाळेत… अगं बाई! शाळा कधीच सुटली. शेजारच्या रेणुकाने आणून तिच्या घरी बसवली, मला हाकही मारून गेली ती. मी हो म्हटलं आणि विसरले. मी माझ्या पोरीला विसरले, बाबा! असं कधी होतं का माझ्याकडून?

महिपत : रडू नको. हितं बस, माझ्यापाशी. खांब धर दुसऱ्या हातानं. नीट ऐक. सुपारी परत जात नाय, पन दुसऱ्याला घेता येते. ज्याचं गानं हाय त्यानं समोर बसून मुखडा धरला, की पहिल्याचा हात सुटतो.

तेजल : म्हणजे तुम्ही गाणार? अजिबात नाही! डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना? एकदा जोर लावलात की आवाज गेला. बोलणंसुद्धा बंद होईल.

महिपत : आवाज घरात जपून ठेवून काय करायचाय मला?

तेजल : आणि मग तुम्हाला जावं लागेल. त्याच्याकडे.

महिपत : व्हय.

तेजल : तुम्हाला भीती नाही वाटत?

महिपत : लय वाटते गो. त्या पान्यातनं एकदा वर आलोय मी, मला ठाव हाय आत कसं आसतं. पन तू गेलीस तर संध्याकाळी माझ्या लेकाचा, सुहासचा मुंबईसनं फोन येईल, त्याला काय सांगू? पोर आई कुटं म्हनून इचारंल, तिला काय सांगू? ते माझ्याच्यानं व्हनार नाय. हात पुढं कर.

तेजल : नको, बाबा. मी खांबाला बांधून घेते स्वतःला. भरती उतरली की सुटेल सगळं.

महिपत : कर म्हनतो ना! थांब रे पाण्या… थांब जरा… माझं… माझं कडवं…

तेजल : पुरे! फाटतोय आवाज! बाबा, रक्त आलंय ओठाला!

महिपत : …उरलंय. तू थांबलास की मी येतो… मी थांबलो… की तू ये.

तेजल : सुटली! बाबा, सुटली मूठ! हात गरम झाला माझा. पण… सुपारी? पडली का खाली? पडवीत तर कुठेच दिसत नाही.

महिपत : माझ्याकडं हाय.

तेजल : तुमचा आवाज… किती बारीक झालाय. पाणी आणते, थांबा. नका बोलू आता.

महिपत : शर्ट दे. इस्त्रीचा.

तेजल : कुठे निघालात? बाबा, मी सुहासला फोन लावते. तो येईपर्यंत तरी थांबा.

महिपत : तवर पानी उतरंल.

तेजल : माझ्यामुळे झालं हे सगळं. मी हात पुढे केला नसता तर…

महिपत : मला मान मिळाला म्हनून खूश झालीस तू. त्यात चूक कसली? जा. सानवीला घेऊन ये. फाटकाकडं बघू नको.

तेजल : गाज थांबलीय, बाबा. काहीच ऐकू येत नाहीये.

महिपत : मला येतंय.

तेजल : कार्यक्रम किती वेळ चालेल?

महिपत : सदू मधल्या जागा लय लांबवतो. माझ्यासाठी जेवायची थांबू नको.