सहा हजार एकशे चौदावा बॉल

नाही हो, ठेवा तुम्ही — तुमच्याकडे बघून फेकला ना त्या खेळाडूने? मग तुमचाच. मी कोण मागणारा? फक्त एवढा दाबू नका. अंगठा काढा त्या शिवणीवरनं. — काही नाही, बोलायची सवय आपली. मी कॅझ. बत्तीस वर्षं झाली या बेसबॉलच्या मैदानात, राइट फील्डमागच्या या बाकावर. मॅच कुणी का जिंकेना, आपण बॉल गोळा करणार. खा, नाचो खा, गार होतायत — चीजवर साय धरली बघा.

आत्ताचं बघितलंत ना? पाहुण्यांच्या त्या जाड्याने होमरन मारला, तो थेट माझ्या ग्लव्हमध्ये. आता रीत काय, तर पाहुण्यांचा होमरन घरी न्यायचा नाही, मैदानात परत भिरकावायचा. नाही फेकलात तर ही माणसं आईवरनं सुरू होतात, मग बिअर ओततात. पण होमरनचा बॉल फेकेल तो येडाच! म्हणून आम्ही खिशात एक भाकड बॉल ठेवतो. डाव्या खिशात. खरा हळूच मांडीखाली, भाकड मैदानात, लोक खूश — सगळे करतात हो, तोंड काय वाकडं करताय? तर मी घाईघाईत हात घातला, आणि घातला उजव्या खिशात. उजव्या खिशात ऑर्व्हिल होता.

ऑर्व्हिल म्हणजे माझा — मित्रच म्हणा. तुम्ही बसलाय ती त्याची जागा. जूनमध्ये गेला. मग त्याच्या बहिणीने, जेनीव्हने, एक बॉल उसवला, आतलं सूत काढलं, त्याची राख भरली आणि परत शिवला. एकशे आठ टाके, त्यात बाईच्या बोटांना संधिवात — म्हणून म्हणतोय अंगठा काढा. ती बघा वर, नवव्या रांगेत, जांभळी टोपी — अहो हात नका करू! मला म्हणाली, कॅझ, सोमवारी हे मैदान पाडतायत, तेवढी शेवटची मॅच दाखव त्याला आणि मला परत आणून दे, आईशेजारी पुरते. रडली बिचारी. मीपण — म्हणजे रुमाल काढला होता.

अरे अरे अरे — देताय कुठे! हातात देऊ नका! हातात दिलेला आकड्यात धरत नाहीत. बॅटवरनं यायला हवा, नाहीतर खेळाडूच्या हातून. प्रेक्षकाने दिलेला बॉल म्हणजे भीक. हा कुणाचा नियम? ऑर्व्हिलचाच. पक्का नियमाचा माणूस. ह्या मैदानात त्याचे सहा हजार एकशे तेरा. माझे सकाळपर्यंत एकशे बारा — सहा हजार एकशे बारा — आणि मघाचा होमरन धरून तेरा. म्हणजे बरोबरी. मेलेल्या माणसाशी बरोबरी! सोमवारनंतर मैदान नाही, बॉल नाही, आयुष्यभर आपला बरोबरीवाला कॅझ. आता कळलं?

काय? — हो. बरं, हो. खिसा चुकला नव्हता. बत्तीस वर्षांत माझा खिसा कधी चुकलेला नाही. ऑर्व्हिलला फेकायचा, आपला राइट फील्डर बाल्देरास उचलणार, मी दोन्ही हात वर करून उभा, तो माझ्याकडे टाकणार — चौदा! ऑर्व्हिलला हरवायचं ते ऑर्व्हिलनेच! त्यालासुद्धा हसू आलं असतं. पण त्या गाढवाने टाकला तुमच्याकडे. मी त्याचं नाव घेऊन ओरडतोय, आणि तुम्ही काय केलंत? काही नाही. तोंडात नाचो.

असं बघू नका माझ्याकडे. त्याचं काही कमी केलं का मी? त्याचा गुडघा गेला ना, त्या जिन्यावर, बॉलमागे पळताना, माझा पाय मध्ये आला होता — माझाच होता, पण आला आपणहून. त्यानंतर त्याचे बॉल जरा कमी झाले. दवाखान्यात मी रोज जायचो भेटायला. रोज! माझा त्या दिवशीचा आकडा सांगायचो त्याला. शेवटी शेवटी त्याला बोलता येईना, तेव्हा मी दोन-चार वाढवूनही सांगायचो. डोळ्यांत पाणी यायचं त्याच्या.

ते जाऊ दे. इनिंग संपतेय, बाल्देरास इकडे वळला की तुम्ही तो फेका, हळू, आणि मग खाली बसा. एवढंच करा. एका म्हाताऱ्यासाठी. नाहीतर वर जाऊन सांगू का मी तिला, की तिच्या भावावर तुमचा चीजचा अंगठा होता सबंध इनिंगभर? — हं. शहाणे आहात. फेका. शाब्बास! बाल्देरास! ए बाल्देरास! इकडे! म्हातारा, लाल टोपी! — बघतोय — बघतोय हो — फेकला — सरका! सरका ना बाजूला —

...

लागला ना?

माझ्या हाताला लागला का नाही, तेवढं सांगा. आधी बोटांना लागला, मग पायरीवर आपटला. फुटला नंतर. शिवण सैलच होती, मी म्हटलं होतं. आधी लागला, मग फुटला — बरोबर? तुम्ही एकटेच साक्षीदार आहात. बोला की! ... नाचोकडे काय बघताय, चीज आहे ते, वर थोडी मिरपूड पडल्यासारखं — फुंका जरा. नका, फुंकू नका! इकडे द्या डबा. तो पांढरा चामड्याचा तुकडाही द्या.

आली. जिना उतरतेय. हसतेय, तिने झेलताना बघितलं वाटतं, फुटताना नाही. — ये गं जेनीव्ह, ये, बस! काय मॅच बघितली त्याने, अगदी खाली उतरून! — हा डबा? हा ह्या साहेबांचा आहे, ते निघालेत. — निघा ना हो. तोंड पुसा आधी. निघा.