पाहुण्यांसमोर तीस पुशअप्स

आमच्या नानांना माझा अभिमान वाटला, तो दिवस सांगते. नाना म्हणजे माझे मोठे काका. सैन्यभरतीसाठी मी पाच महिने गच्चीवर पुशअप्स मारत होते. पहिल्या दिवशी एकही धड जमली नव्हती. नाना खालून ओरडायचे, "पैलवानीण सून म्हणून कोण करून घेणार गं?"

रविवारी मला बघायला धरणगावहून पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "पोरगी काय करते?"

नाना म्हणाले, "मिलिट्रीची तयारी. दाखव गं मारून!"

मला वाटलं, नाना शेवटी माझ्या बाजूने बोलले. पदर खोचला आणि साडीतच तीस मारल्या.

मुलाचे वडील बायकोकडे वळून म्हणाले, "पोर मजबूत शे. कापूसनं गठोडं एकटी उचली लेई."

नानांनी तिथेच शनिवारचा साखरपुडा ठरवला.

"नाना, शनिवारी माझी धावण्याची चाचणी आहे!"

"आता कशाला? तयारी कामाला आली ना!"

"मग पाटावर तुम्हीच बसा," मी म्हटलं.

पाहुणे गेल्यावर आईने माझे बूट कपाटात कोंडून कुलूप लावलं. शनिवारी मी अनवाणी धावणार आहे.