गोधडीच्या कोपऱ्यातलं नाव

रांगेत माझ्यापुढे हल्डा आणि तिची सासू होती. सासूच्या हातातल्या यादीत लुटल्या गेलेल्या सात वस्तू होत्या. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या जमावानं आम्हा मॉर्मन पंथाच्या लोकांना लुटून हाकललं होतं. त्याच्या साक्षी शेजारच्या इलिनॉय राज्यात कारकून शपथेवर लिहून घेत होता.

"आई, गोधडी सांगू नका."

"का गं? बिशपांनी पंथाच्या भांडारातून दिलेली, म्हणजे आपलीच! जमावानं नेताना डोळ्यांनी पाहिली मी."

"तिच्या कोपऱ्यात पलीकडच्या गावातल्या, आपल्या पंथाबाहेरच्या बाईचं नाव शिवलंय. तिचं घर आपल्याच माणसांनी लुटलं होतं."

"जीभ आवर! कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या मुलानं. त्यानंच ती भांडारात टाकली. मिसूरीच्या तुरुंगात आहे तो. ही साक्ष तिथं वाचली तर?"

"पेन्सिल दे इकडे."

कारकुनानं शपथ दिली आणि सहा वस्तू लिहून घेतल्या.